आभाराचा बांगडा

जयाताईंना नमस्कार केला की त्या डबा मागत. समोरच्याने दिला नाही तर स्वतः उचलत, झाकण काढत, वास घेत आणि मगच खुर्चीवर बसत. "आधी झाकण, मग गप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तलासरीच्या हायवेलगतच्या रुग्णवाहिका केंद्रात त्यांची चाहूल लागली की चालक डबे बाकाखाली सरकवत. उपयोग होत नसे. ताई धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावच्या. मासळीच्या घरात वाढलेलं नाक बाकाखालचंही हुडकून काढी.

त्या समुपदेशक होत्या. अपघात, सर्पदंश आणि बाळंतपणं यांच्यामागे धावणाऱ्या या माणसांना हृदयविकार गाठू नये, म्हणून त्यांचं खाणं, झोपणं, चालणं सुधारणं हे त्यांचं काम. भाषण करत नसत. "तुमच्या छातीत कळ आली तर गाडी कोण आणणार? तुम्हीच ना?" एवढं विचारून रक्तदाबाचं यंत्र बाहेर काढत.

केंद्रातले सर्वांत जुने चालक लक्ष्मणकाका. रक्तदाब कायम चढा. उन्हाळ्याआधीच्या तपासणीत तो उतरला नाही तर स्टिअरिंग सोडून फोनवर बसावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"फोनवर बसून काय करू?" काका म्हणाले. "लोक पत्ता सांगणार, मी ऐकणार आणि गाडी दुसराच नेणार. कुठल्या पाड्याला कुठून वळायचं, त्याला काय ठाऊक?"

काकांनी तंबाखू सोडली. लोणचं, पापड सोडले. रक्तदाब मात्र जागचा हलेना. ताई हैराण झाल्या.

एका दुपारी मी बातमीसाठी केंद्रात बसलो होतो. काका जेवायला बसले आणि ताई दारात उभ्या राहिल्या. डबा लपवायला वेळच मिळाला नाही. आत भात आणि खारा बांगडा होता.

"हा कुठला?"

"दिला कोणीतरी."

"हळद लावून खारवणारं घर आमच्या कोळीवाड्यात एकच आहे, काका. ते माझं आहे."

मग सगळं बाहेर आलं. रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे वाचलेल्या रुग्णांची माणसं घरात जे पिकतं ते केंद्रावर आणून देतात. बोर्डीच्या वाडीवाल्यांकडून चिकू येतात, बाजारातल्या फरसाणवाल्याकडून जिलेबी, कोळीवाड्यातून खारी मासळी. ते नाकारायचं नाही, असा चालकांचा दंडक. काकांनी ताईंच्या वडिलांना वेळेत रुग्णालयात पोचवलं होतं. तेव्हापासून ताईंची आई, मंजुळाबाई, एसटीने येणाऱ्या माणसाच्या हाती दर आठवड्याला बांगडा पाठवत होत्या. मुलीला याचा पत्ता नव्हता.

ताईंनी मोर्चा वळवला. आता त्या चालकांऐवजी रुग्णालयाच्या फाटकाशी नातेवाइकांना गाठू लागल्या. "आभार मानायचे तर काकडी आणा. जिलेबी तुम्हीच खा." लोक हसले, पण काकड्या येऊ लागल्या. फरसाणवालाही ताक पाठवू लागला.

अडल्या त्या घरीच.

"माझ्या नवऱ्याला जिवंत आणला त्याने," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्याला मी काकडी देऊ? कोळणीने?"

"आई, तुझ्या बांगड्यातल्या मिठाने त्यांची गाडी जाईल."

"मग ताजी देते. पण ताजी मासळी एसटीने धाडायची नाही, नासते. त्याला म्हणावं, इथं येऊन ने. आणि रिक्षातून आला तर शेपूटसुद्धा मिळणार नाही."

त्यामुळे दर सुट्टीला लक्ष्मणकाका डहाणूच्या एसटी स्थानकावर उतरून धाकटी डहाणूच्या बंदरापर्यंत चालत जाऊ लागले. मंजुळाबाई ओट्यावरून वाट पाहत आणि काका पोचले की आधी त्यांच्या चपलांवरची धूळ बघत. धूळ कमी वाटली तर मासा लहान. ताईंनी महिनोन् महिने सांगूनही जे झालं नव्हतं, ते मांदेलीच्या एका वाट्यासाठी झालं. तपासणीत डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दोनदा बांधला; रक्तदाब खरंच उतरला होता आणि गाडीची किल्ली काकांकडेच राहिली.

"आईला पगार द्यायला हवा," ताई म्हणाल्या. "मी नुसता भत्ता घेते."

श्रावण सरता सरता ताईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी काकांनी त्यांच्यापुढे डबा ठेवला. ताईंनी सवयीने झाकण काढलं, वास घेतला. काकांच्या परसातली गावठी काकडी होती, सोलून चिरलेली. ताईंनी एक फोड तोंडात टाकली, चघळली आणि डब्याच्या कडेला बोटाने काहीतरी शोधू लागल्या.

"काका, मीठ?"

तेवढ्यात फोन वाजला. उधव्याच्या बाजूला कोणाला तरी साप चावला होता. काकांनी खुंटीवरची किल्ली उचलली.

"केंद्रात मीठ नाही, ताई," दारातून जाता जाता ते म्हणाले. "तुम्हीच फेकायला लावलं." आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

ताईंनी उरलेली काकडी तशीच संपवली.