दर्दीच्या कानाची चव

सोफे आणि खुर्च्यांना नव्या गाद्या, नवं कापड चढवून देणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली दर्दी म्हणायची. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरजच पडत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून कोणीतरी सोडून गेलेल्या माणसाला आर्जवानं हाका मारताना ऐकू यायचं. त्या आवाजाच्या मागं चालत गेलं की दुकान आलंच.

दर्दीला विरहाची गाणी लागत. विरहाचीच. आधी व्हायोलिन रडणार, मग गाणारा रडणार, शेवटी दोघं मिळून रडणार, असं असलं की त्याचा हात कामावर बसायचा. नवीन गिऱ्हाईक हळूच शेजारच्या दुकानात चौकशी करी, "बिचाऱ्याचं काही बिनसलंय का हो?" तसं काही नव्हतं. तरुणपणी त्याला समोरच्या इमारतीतली मुलगी आवडली, त्यानं विचारलं, ती लगेच हो म्हणाली आणि दोन्ही घरांतून कोणी हूं की चूं केलं नाही. आयुष्यात विरह झाला तो बायको माहेरी जायची तेवढाच, आणि माहेर तर खिडकीतून दिसायचं.

"दुःख कसं, दुसऱ्याचं असलं की निवांत बसून भोगता येतं," असं तो म्हणायचा आणि ओठांत धरलेल्या बारीक खिळ्यांतला एकेक काढून ठोकत राहायचा.

दुकानाच्या मागच्या बाजूला त्याची बायको शिलाई मशीनवर बसे. तो सांगाडे उघडायचा, पट्टे ताणायचा, फोम कापायचा. ती खोळी शिवायची. दोघांचं काम एकमेकांना न विचारता चालायचं. मधे गाणी चालू असायची.

एके दिवशी सकाळी दर्दी एका आरामखुर्चीचं जुनं कापड उसवत होता. त्याचं सगळ्यात लाडकं गाणं लागलं होतं. त्या गाण्यात गाणाऱ्या बाईचा आवाज एका जागी किंचित फाटायचा. ती जागा आली की दर्दी हात थांबवायचा, डोळे मिटायचा आणि त्याच्या मानेवर काटा यायचा. त्या दिवशी पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ती जागा येऊन गेली आणि आपण उसवतच होतो.

त्यानं गाणं परत लावलं. डोळे आधीच मिटून बसला. आवाज फाटायचा तिथं फाटला. काटा काही आला नाही. तिसऱ्यांदा लावलं तर चक्क जांभई आली.

तापानं तोंडाची चव जाते तशी आपल्या कानाची चव गेली, असं त्याला वाटलं. पण खापर आधी स्पीकरवर फुटलं. दुरुस्तीवाल्यानं स्पीकर उघडला, फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, याला धाड भरलेली नाही. ठणठणीत आहे." मग दर्दी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला बंद खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवले आणि सांगितलं, "तुमचे कान इतके चांगले आहेत की दोन दिवस मला उसने द्या."

तो घाबराघुबरा होऊन दुकानात परतला. स्पीकर बरा, कान बरे, म्हणजे बिघाड आणखी आत कुठंतरी असणार. त्यानं गाणं लावलं आणि बायकोच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

"अगं, हे गाणं तुला पहिल्यासारखंच वाटतंय का?"

ती शिवत राहिली.

"अगं, तुला विचारतोय मी!"

तिनं मान वर केली. त्याचे हलणारे ओठ बघितले आणि एका कानातून कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा.

"काय म्हणालात?"

दर्दी त्या बोळ्यांकडे बघतच राहिला. कापूस दुकानातलाच होता, चांगल्यापैकी.

"हे कधीपासून?"

"मशीन घेतलं तेव्हापासून."

"मशीनच्या आवाजानं?"

"मशीनचा काय आवाज होतो?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं. "अहो, ती रडारड ऐकताना तुम्ही इतके खुशीत असायचात! म्हटलं, कशाला मोडता घालायचा."

दर्दी मागं फिरला. त्यानं गाणं बंद केलं. पुढं कितीतरी दिवस दुकानात फक्त कात्रीचा आणि हातोडीचा आवाज येत राहिला. गिऱ्हाईकं सवयीनं आवाज शोधत दुकान ओलांडून पार टोकापर्यंत जायची आणि परत फिरायची.

याच सुमारास भागातल्या छोट्या नाट्यगृहाचं काम आलं. तिथल्या खुर्च्या इतक्या खचल्या होत्या की प्रेक्षकांना नाटक संपल्यावर उठताना शेजाऱ्याचा हात धरावा लागे. खुर्च्या जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलेल्या, त्यामुळे काम जागेवरच करायचं होतं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "सकाळी रंगमंचावर तालमी असतात. तुम्हाला त्रास नाही ना होणार?"

"मला आता कशाचंच काही होत नाही," दर्दी म्हणाला. बाईंना ते सोशिकपणाचं वाटलं.

पहिल्याच सकाळी तो मागच्या रांगेत खुर्चीखाली डोकं घालून चिकटलेली च्युइंगगम खरवडत होता, तोच धडाधड ड्रम वाजायला लागले. तो दचकला आणि डोकं खुर्चीच्या पत्र्यावर आपटलं. रंगमंचावर निवृत्त मंडळींचा नाचाचा वर्ग होता. पांढऱ्या केसांची माणसं गुडघे सांभाळत, पण भलत्या उत्साहानं पावलं टाकत होती. ड्रम बडवत होती एक धिप्पाड बाई. तिनं सगळी नोकरी शहराची बस चालवण्यात काढली होती आणि अजूनही ती ड्रमपुढं स्टिअरिंग धरल्यासारखी ऐटीत बसायची.

दर्दीला तो दणदणाट अजिबात रुचला नाही. ना शब्द, ना सूर, नुसती धुमश्चक्री. त्यानं दात-ओठ खात काम केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पण हातात हातोडी असलेला माणूस आणि हातात काठ्या असलेला माणूस एकाच छपराखाली फार दिवस फटकून राहू शकत नाहीत. कधी, ते त्याला कळलं नाही, पण त्याचे खिळे ठेक्यात पडायला लागले.

एकदा वरून आवाज आला, "ओ हातोडीवाले! साथ झकास करताय, पण पुढं पळताय. लाल दिवा दिसला की थांबायचं!"

सगळी म्हातारी मंडळी हसली. दर्दी खुर्चीआडून उठला, आणि त्यालाही हसू आलं.

त्यानंतर चहाच्या सुट्टीत ड्रमवाली बाई त्याच्या शेजारी येऊन बसू लागली. तिनं एकदा विचारलं, "तुम्ही काय ऐकता?" त्यानं आपली सगळी हकीकत सांगितली, अगदी कापसाच्या बोळ्यांसकट.

"मला ऐकवा तरी ते गाणं. मी असलं कधी ऐकलंच नाही."

त्यानं फोन आणि इअरफोन तिच्या हातात दिले. ती ऐकू लागली. आधी भुवया उंचावल्या, मग मान हलायची थांबली. ती फाटलेल्या आवाजाची जागा कधी आली ते दर्दीला न ऐकताच कळलं, कारण बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला तिचा इतका हेवा वाटला की त्यानं तोंड फिरवून घेतलं.

तिनं नाक पुसलं. "तुम्ही हे दिवसातून किती वेळा ऐकत होतात?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हे, नाहीतर याच्यासारखंच दुसरं."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "मी एकाच मार्गावर बस चालवायचे. एकदा एक पोरगी पुढच्या सीटवर बसली आणि ओरडली, 'आई, केवढी नदी!' मी चमकून बघितलं. पुलावरून रोज जात होते मी, पण खाली पाणी वाहतंय हे डोक्यातून पार गेलं होतं. मला दिसायचा तो फक्त पुढचा थांबा."

"मग काय केलंत?"

"डेपोत जाऊन मार्ग बदलून मागितला. आणि सुट्टीच्या दिवशी पूल बघायला पायी गेले."

ती उठून परत ड्रमवर जाऊन बसली.

दर्दीनं मार्ग बदलला खरा, पण आपल्या स्वभावाप्रमाणे. त्यानं ड्रमवालीकडून ड्रमच ड्रम असलेलं संगीत मागून घेतलं आणि नाट्यगृहाचं काम नसेल त्या वेळी दुकानात ते दिवसभर वाजवायला सुरुवात केली. भिंतीवरच्या कात्र्या थरथरायच्या. आठवडाभर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. मग एका दुपारी बायकोनं मशीन थांबवलं, ती तरातरा पुढं आली आणि तिनं स्पीकर बंद केला.

"अहो, अति तेथे माती! आधी रडून रडून डोकं उठवलंत, आता बडवून बडवून उठवताय. हेही महिन्याभरात बेचव होणार आणि मग परत तोंड पाडून बसणार तुम्ही. रोज एकच भाजी दिली तर ताट सरकवता की नाही?"

"मग काय ऐकू? तूच सांग."

ती गप्प झाली. रागाच्या भरात आलेली बाई अशी एकदम गप्प झालेली पाहून दर्दीलाच चुकल्यासारखं झालं.

"तुला काय आवडतं?" त्यानं पुन्हा, पण वेगळ्या आवाजात विचारलं. आणि विचारता विचारता त्याला कळलं, की इतक्या वर्षांच्या संसारात या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही.

"मला नाही तुमच्यासारखं काही कळत," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "मला आपली फालतू गाणी आवडतात."

"फालतू म्हणजे?"

"म्हणजे... बकरीनं साहेबाचा बूट खाल्ला, असली. लहानपणी रेडिओवर लागायची. तुम्ही पडलात दर्दी. तुमच्यापुढं कशी लावायची?"

"लाव," दर्दी म्हणाला.

तिनं लावलं. तो तोंड वाकडं करून, ओठांत खिळे धरून स्टुलाची बैठक ठोकत बसला. गाण्यातली बकरी बूट खाऊन झाल्यावर साहेबाच्या बायकोच्या केसांच्या टोपाकडे वळली. ती टोप खाणार एवढ्यात खालून साहेबाचं टक्कल निघालं. टोप साहेबानंच चोरून घातलेला होता. दर्दीला हसू आवरेना. तो फस्सकन हसला आणि ओठांतले सगळे खिळे फरशीवर सांडले. बायकोनं मागं वळून बघितलं. मग दोघंही खाली वाकून खिळे वेचत हसत राहिले, आणि त्या दिवशी शिवलेल्या एका खोळीची शिवण चक्क वाकडी गेली.

तेव्हापासून दुकानात असा रिवाज पडला, की जो कुलूप उघडेल त्यानं गाणं लावायचं, आणि खोळंबून बसलेल्या गिऱ्हाईकाला काही ऐकवावंसं वाटलं तर त्याला नाही म्हणायचं नाही. एक शिक्षिका आली की पियानो वाजे. एकजण मोठ्या वृंदाचं गाणं घेऊन आला, त्यात एकाच वेळी इतकी माणसं गात होती की दर्दी कोणाचं ऐकावं या विचारातच अडकला. एका तरुण मुलीनं फ्रिज बिघडल्यावर गुरगुरतो तसलं काहीतरी लावलं. दर्दीनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि तिला प्रामाणिकपणे सांगितलं, "पोरी, हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही." तीही हसली. त्याला सगळं आवडायचं असं नाही. पण उद्या कानावर काय पडेल ते माहीत नाही, ह्याचीच त्याला गोडी लागली. लोक अजून त्याला दर्दीच म्हणत. गिऱ्हाईकांना मात्र आता पाटी वाचावी लागे.

विरहाची गाणी तो विसरूनच गेला होता म्हणा ना. एकदा तो न्हाव्याकडे दाढी करायला बसला होता. मान मागं टाकलेली, गालभर फेस. न्हाव्याच्या रेडिओवर गाणी लागत होती आणि त्यांच्या ओघात ते गाणं आलं. दर्दीचं लक्षही नव्हतं. तो छतावरचा पंखा बघत होता. आणि बाईचा आवाज त्या जागी येऊन किंचित फाटला.

मानेपासून पाठीपर्यंत सरसरून काटा आला. डोळ्यांतून पाणी निघून फेसात उतरलं.

न्हावी घाबरला. "पातं लागलं का काका?"

"नाही, नाही. चालू दे."

"दाढी की गाणं?"

"दोन्ही," दर्दी म्हणाला.

तो जवळजवळ धावतच दुकानात आला. बायकोला सगळं सांगितलं आणि तेच गाणं लावायला फोन हातात घेतला. मग थोडा थांबला आणि फोन परत खिशात टाकला.

"का हो? लावा की," ती म्हणाली. "आज माझी काही हरकत नाही."

"आत्ताच तर पोटभर झालंय. नंतर कधीतरी लावू."

नाट्यगृहाच्या खुर्च्या पुऱ्या झाल्या तेव्हा व्यवस्थापक बाईंनी दोघांना पहिल्या कार्यक्रमाला बोलावलं. बायकोनं बसण्याआधी खुर्चीच्या कडेची आपली शिवण बोटानं चाचपून बघितली. पडदा उघडला. कुठल्याशा लांबच्या देशातले चौघे रांगेत उभे राहिले आणि त्यांनी पोटातून इतका खोल, जड आवाज काढला की पायाखालची फळी गुणगुणायला लागली. दर्दीनं असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं.

बायकोनं कोपरानं ढोसलं. "कसं वाटतंय?"

"खुर्ची मस्त झालीय."

"गाणं विचारतेय!"

"घशात कौल अडकल्यासारखं," तो कुजबुजला. "तुला?"

ती रंगमंचाकडे टक लावून बघत होती. "मला फार आवडलंय," ती म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर दोघं चालत घरी निघाले. रस्त्यावर वर्दळ होती. बायको मधेच हनुवटी छातीला टेकवून तसला आवाज काढायचा प्रयत्न करत होती, तो जमत नव्हता आणि दरवेळी शेवटी खोकला येत होता. समोरून येणारा एक माणूस वळून बघत गेला.

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत."

थोडं पुढं गेल्यावर तिला तो आवाज एकदाचा साधला. क्षणभरच, पण अगदी खालून, खर्जातून आला. दर्दी जागीच थांबला.

"हे कसं केलंस?" तो म्हणाला. "परत कर बघू एकदा."