आमच्या ह्यांची ताई-ची वंशावळ

आमचे हे, म्हणजे अनंता कोळी, चाळीस वर्षं ताई-ची शिकतायत. आता सत्तरीत नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज? लाज वाटायला दुसरं पुष्कळ आहे, तेच सांगते.

ताई-ची म्हणजे चिनी लोकांची लढायची विद्या, पण इतकी सावकाश की बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला कुठे जायचं होतं ते आठवत नाहीये. माझं शिक्षण चौथी. तरी चेन, यांग, वू, सुन ही घराणी मला माहेरच्या भावकीपेक्षा जास्त पाठ आहेत. कोण कुणाचा शिष्य, कुणी काय बदललं, ह्याच्या ह्यांनी अकरा वह्या भरल्यात.

हे शिकले ते बोरीवलीच्या एका चायनीज हॉटेलच्या मागच्या गल्लीत. मनोरीहून तिथे कोळंबी पोचवायचे. तिथले आचारी म्हातारे चिनी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. भट्टी पेटवायच्या आधी चाचा गल्लीत हात फिरवायचे. हे टोपली ठेवून बघत राहायचे. आठवड्याने चाचांनीच खुणेने बोलावलं, आणि नऊ वर्षं शिकवलं. बदल्यात माझ्या हातचे सुके बोंबील, तेवढेच. मग चाचा वारले. पुढे ह्यांनी पुस्तकं वाचली, एका नामांकित गुरूंचं दहा दिवसांचं शिबिर केलं आणि बागेत वर्ग सुरू केला.

गेल्या वर्षी वर्गाने ठरवलं, गुरूला रीतीप्रमाणे चहा द्यायचा. गुडघे टेकून दिलेला चहा गुरू प्याला, की तो शिष्य घराण्यातला झाला, अशी त्यांच्यात रीत. त्यासाठी भिंतीवर वंशावळीचा तक्ता हवा. तो वर्गातली रोशनी करणार होती. तिने ह्यांना विचारलं, काका, तुमच्या वर कुणाचं नाव?

ह्यांनी घरी येऊन ते मला सांगितलं. मी मासे साफ करत होते. मीच म्हटलं, "आचाऱ्याचं नाव कुठे टांगताय? त्या शिबिरवाल्या मोठ्या गुरूंचं लिहा."

तेच लिहिलं. मी मासेवालीची पोर, आणि मला आचारी हलका वाटला. वहीत तर आहे, यांग घराण्याचा मूळ पुरुषच दुसऱ्याच्या घरी चाकरी करून शिकला म्हणतात. ते मी ह्यांच्याकडून कौतुकाने वाचून घेतलं होतं.

चहाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. रोशनीने भोळेपणाने विचारलं, आपण सगळे डावं मनगट आत मुडपतो, पण तक्त्यावरच्या ह्या गुरूंच्या व्हिडिओत ते सरळ दिसतं, मग ही कुठल्या पिढीची रीत?

ती रीत नव्हतीच. चाचांचं मनगट उकळत्या तेलाने भाजून आखडलं होतं. ह्यांनी ते विद्या समजून उचललं, नंतर कळलं तरी सोडलं नाही. आणि आता एकवीस माणसं चाचांचं भाजणं हातात घेऊन उभी होती.

वर्गातला केतन पहिला चहा द्यायला गुडघ्यावर बसून कप पुढे धरून होता. ह्यांनी तो घेतला नाही.

"तक्ता खोटा आहे," हे म्हणाले. "मला एका आचाऱ्याने शिकवलं. हे मनगट त्यांचं. नाव लिहायची मला लाज वाटली."

माझं नाव घेतलं नाही. मग मला उठावंच लागलं. म्हटलं, ही लाज मीच ह्यांच्या डोक्यात घातली.

कुणी रागावलं नाही, ते जास्त जड गेलं. रोशनीने पेन काढून तक्त्यावरचं शिबिरवाल्या गुरूंचं नाव खोडलं आणि विचारलं, "काका, चाचांचं पूर्ण नाव काय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. चाचांना बोंबील जरा करपलेले आवडायचे, पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरायचा, एवढं मला माहीत. नाव नऊ वर्षांत आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

रोशनीने ती जागा कोरीच ठेवली. ह्यांनी केतनला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "चहा तूच पी, बाळा. मी अजून कुणाला घराण्यात घेण्याच्या लायकीचा नाही."