हार्लनच्या घरातला खर्ज

हार्लन क्रॅबट्री चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून देत होता. आर्कान्सासच्या त्या भागात त्याच्या कानांना भलताच मान होता. चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गनवर तोच बसायचा, आणि कुणाच्या ट्रकचं इंजिन विचित्र वाजू लागलं तरी लोक म्हणायचे, आधी हार्लनला ऐकवा, मग मेकॅनिककडे न्या.

त्याचा जीव होता तो बैठकीच्या खोलीतल्या दोन लाउडस्पीकरांवर. सत्तावन्न साली घेतलेली, छातीएवढी उंच, अक्रोडाच्या लाकडाची ती धुडं समोरच्या दोन कोपऱ्यांत पाठ टेकून उभी असत. पेटीच्या पोटात लाकडी फळ्यांचा वळणावळणांचा कर्णा होता, पण तो अर्धाच. उरलेला कर्णा खोलीच्या दोन भिंतींनी पुरा व्हायचा. तसा तो झाला की ऑर्गनचा खर्ज पायांखालच्या जमिनीतून वर यायचा.

ऐंशी साली डाव्या पेटीतल्या वूफरचा, म्हणजे खर्ज काढणाऱ्या आतल्या स्पीकरचा, कागद फाटला आणि तो फडफडू लागला. हार्लनने वूफर काढून थिओडिस मेफिल्डकडे दिला. रेल्वेच्या रुळांपलीकडे, काळ्या लोकांच्या वस्तीत थिओडिसचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात इतका साफ, की गोऱ्यांच्या चर्चचे मायक्रोफोन आणि शाळेचा भोंगासुद्धा त्याच्याकडेच यायचा. आठवड्याभरात त्याने नवा कागद बसवून दिला आणि म्हणाला, मी घरी येऊन जोडून देतो. हार्लन म्हणाला, नको, मी जोडीन. थिओडिस इतक्या वर्षांत त्याच्या घरी मागच्या ओसरीच्या पुढे कधी आलेला नव्हता.

हार्लनने वूफर जोडला, झाकणाचे स्क्रू पिळले, तबकडी लावली आणि सोफ्यावर बसला. खर्ज कुठेच नव्हता. फडफड गेली होती, पण तिच्याबरोबर सगळा भरदारपणाही गेला होता.

त्याने थिओडिसला फोन केला. "काय बसवून दिलंस रे मला?"

"तुमचाच आहे, मिस्टर क्रॅबट्री. फक्त कागद नवा आहे. एकदा तारा बघा, उलट्या लागल्या असतील."

चाळीस वर्षं पियानोच्या तारांत घालवलेल्या माणसाला हा तारा बघायला सांगतो, याचाच हार्लनला राग आला. त्याने फोन ठेवला. त्या शनिवारी वेनच्या केशकर्तनालयात खुर्चीवर बसून तो म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण गेला तो वूफर वेगळा होता आणि आला तो वेगळा. माझे कान काही मला फसवत नाहीत."

एवढंच. चोर हा शब्द त्याने उच्चारला नाही, उच्चारायची गरजही पडली नाही. महिन्याभरात चर्चने आपले मायक्रोफोन दुसऱ्या गावी पाठवले, मग शाळेने. पुढच्या वर्षी थिओडिसच्या दुकानाला कुलूप लागलं आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस कोंबड्या सोलायच्या कारखान्यात कामाला लागला. हार्लनने ऐकलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. दुकानं काय, बंद पडतातच, अशी त्याने मनाची समजूत घातली.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात हार्लनने काम सोडलं आणि मोकळ्या वेळात त्या खर्जाच्या मागे लागला. एका मासिकात त्याने वाचलं होतं की पेटी आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहिली तरी खर्ज तिथून निसटतो. मग पेट्यांच्या मागच्या कडांना त्याने फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. खिडकीमुळे उजवीकडची भिंत तोकडी पडत होती, तिथे जाड प्लायवुडचा पडदा ठोकून ती लांबवली. फरक पडला, पण चिमूटभर. शेवटी राहिलं होतं डाव्या पेटीच्या झाकणाखालचं रबर. ते वाळलं असेल म्हणून त्याने चार वर्षांत पहिल्यांदा ते झाकण उघडलं.

वूफरच्या लोखंडी चौकटीवर कारखान्याचा आकडा होता. हार्लनच्या कपाटात सत्तावन्नची कागदपत्रं होती, त्यांतला आकडा हाच. वूफर त्याचाच होता. तार जोडायच्या एका टोकाशी थिओडिसने बारीक ब्रशने लाल ठिपका दिला होता, आंधळ्यालाही चुकू नये असा. त्या लाल ठिपक्यावर लाल तारेऐवजी काळी तार होती, आणि तिच्यावरची चिकटपट्टी हार्लनच्या हातची होती.

आता सगळं उघड होतं. डावा वूफर हवा पुढे ढकलायचा तेव्हा उजवा मागे ओढायचा, आणि खोलीच्या मधोमध दोघं एकमेकांना पुसून टाकायचे. त्याने तारा बदलल्या आणि ऑर्गनची तबकडी लावली. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. त्याची बायको इमोजीन स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "आला की हो तुमचा खर्ज." हार्लनला तिच्याकडे बघवेना. त्याने तबकडी बंद केली.

झाकण लावून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हे त्याच्या मनात आलं, आणि एकदाच नाही, अकरा दिवस रोज आलं. इमोजीनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लोक विसरलेत. उकरून काय मिळणार?" बाराव्या दिवशी तो रूळ ओलांडून गेला.

थिओडिस ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसला होता. त्याने खुर्ची दाखवली नाही. हार्लन पायरीवर उभा राहूनच फोमच्या पट्ट्यांचं, प्लायवुडचं सांगत सुटला. थिओडिसने मध्येच तोडलं.

"तारा उलट्या होत्या."

"हो."

"कुणी लावल्या होत्या?"

"मीच." मग हार्लन म्हणाला, "थिओडिस, मी तुमची माफी मागायला आलोय."

"माझ्याकडे?" थिओडिसने शेंगांचं घमेलं बाजूला ठेवलं. "माझ्याविषयी जे बोललात ते इथे नाही बोललात. तिथे जाऊन बोला."

शनिवारी वेनकडे नेहमीची मंडळी होती. हार्लनने बसायच्या आधीच सांगून टाकलं: वूफर माझाच होता, चूक माझी होती, मेफिल्डने काही केलं नव्हतं. लोक बिथरतील, रागावतील, असं त्याला वाटलं होतं. कुणीतरी फक्त मासिकाचं पान उलटलं.

"चार वर्षांनी कुठलं काढलंस हार्लन?" वेन म्हणाला. "त्याचं बरं चाललंय तिकडे कोंबड्यांत."

कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "तुझा नसेल घेतला, दुसऱ्या कुणाचा घेतला असेल. पण मी कुणाचं नाव घेत नाही."

ते वाक्य ऐकून हार्लनला कानशिलात बसल्यासारखं झालं. वाक्य त्याचंच होतं.

"त्याने मला फोनवर सांगितलं होतं, तारा बघा," तो म्हणाला. "मी बघितल्या नाहीत. सांगणारा गोरा असता तर बघितल्या असत्या."

कात्री थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाली. त्या दिवशी हार्लनचे केस कापताना वेन एक शब्द बोलला नाही.

चर्चने मायक्रोफोन थिओडिसकडे परत पाठवले नाहीत, आणि दुसऱ्या कुणी तसं सुचवलंही नाही. सुचवायचं म्हणून हार्लन दोनदा पाद्रींच्या दारापर्यंत गेला. तिसऱ्यांदा आत जाऊन बोलला. बघू, असं उत्तर मिळालं. दुकान काही पुन्हा उघडलं नाही.

शरद ऋतूत पोस्टाच्या पायऱ्यांवर दोघं समोरासमोर आले.

"बोललात म्हणे," थिओडिस म्हणाला.

"हो. घरी या ना एकदा. पुढच्या दाराने. ऐका तरी कसा वाजतो."

थिओडिसने टोपी नीट केली. "नको, मिस्टर क्रॅबट्री. मला माहितीये तो कसा वाजतो." आणि तो पायऱ्या उतरून गेला.

हार्लनच्या घरचा खर्ज आता अप्रतिम होता. ऐकायला लोक येत, फोमच्या पट्ट्या आणि प्लायवुडचा पडदा वाकून बघत, हार्लनच्या कानांचं कौतुक करत. मग हार्लन तबकडी बाजूला ठेवायचा आणि त्यांना आधी थिओडिस मेफिल्डची हकीकत सांगायचा, पहिल्यापासून, आपलं वाक्य जसंच्या तसं. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. इमोजीन म्हणायची, पाहुण्यांना निदान केक तरी खाऊ द्या. हळूहळू येणारे कमी झाले. मग बहुतेक दुपारी तो एकटाच सोफ्यावर बसलेला असायचा, दोन्ही कोपऱ्यांच्या बरोबर मध्ये, आणि कधी तबकडी लावायचा, कधी नाही.