केसांतला कापूस

कॉम्प्युटर क्लासात तो माझ्या शेजारी बसायचा. जुने फोटो साफ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डाग दिसला की "थांब, पुसतो" म्हणायचा, एरवी गप्पच. सूतगिरणीत लूमवर, म्हणजे मागावर, काम करणारे त्याचे वडील वारले, तेव्हा भिंतीवर लावायला त्याने त्यांचा ड्युटीवरचा एकुलता एक फोटो साफ केला. केसांवरचे पांढरे ठिपके धूळ समजून पुसले. प्रिंट घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला.

"आई म्हणते, हे ते न्हायच. त्यांच्या केसांत कापूस कुठाय?"

मग फ्लॉपीवरचा साफ केलेला फोटो उघडून, ब्रश बारीक करून, तो वडिलांच्या केसांत एकेक पांढरा ठिपका ठेवत बसला. शेवटचा ठिपका ठेवून म्हणाला,

"घरी आले की मीच झाडायचो रे."