एका मॅचपुरता गुडघा

गुरुवारी सकाळी झेकाचा गुडघा पुन्हा नारळाएवढा सुजला होता, आणि ट्रेनिंग रूमच्या दारात उभा राहून टीमचा मालक मला विचारत होता, "शनिवारी खेळेल ना?"

मी म्हटलं, आधी सूज तर बघू द्या.

"पोस्टर्स लागलीत," तो म्हणाला.

पोस्टर लागलं की गुडघा बरा होतो, असं आम्हाला नागपूरच्या कॉलेजात तरी शिकवलं नव्हतं. पण हे मी मनातच म्हटलं. ऐंशीच्या दशकातलं ह्यूस्टन, ऑईलची मंदी, शुगर लँड या उपनगरातल्या आमच्या गल्लीत एकाआड एक घरावर 'फॉर सेल'ची पाटी. आपली नोकरी आहे ती बरी आहे, असं जो तो म्हणत होता. मी ज्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते, त्यांनी या टीमचं काम घेतलं होतं. सकाळी रिहॅब, मॅचच्या आधी टेपिंग, मॅच चालू असताना बेंचवर. पुरुषांच्या लॉकर रूममध्ये जायला दुसरी कुणी बाई तयार नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला कसली लाज? गुडघा तो गुडघा.

ही टीम इनडोअर फुटबॉल खेळायची. म्हणजे आईस हॉकीचं रिंक, बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवं कार्पेट. चारी बाजूंनी लाकडी भिंत, बॉल भिंतीवर आपटून परत येतो. मालकाचा धंदाच कार्पेटचा, त्यामुळे ते त्याच्याच दुकानातलं. या कार्पेटवर पाय घसरत नाही, अडकतो. शरीर वळतं, पाऊल तिथंच राहतं, आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. गुडघ्याच्या आत दोन हाडांमध्ये मऊ गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. झेकाच्या गाद्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

हा झेका मूळचा ब्राझीलच्या आतल्या भागातला. लाल मातीचं, डोंगरातलं गाव. मिसरूड फुटायच्या आत घरातून निघाला तो पोर्तुगाल, मेक्सिको, व्हेनेझुएला, कुवेत असं करत टेक्सासला लागला. वय विचारलं की चौतीस सांगायचा. तीन वर्षं मी त्याच्यासोबत काम केलं, तिन्ही वर्षं तो चौतीसच होता. कुवेतमध्ये शेजारी आपल्या लोकांची मेस होती, तिथं वरणभाताची चटक लागलेली. माझा डबा उघडला की हा वासावर येणार. मला 'दोक्तोरा' म्हणायचा. मी डॉक्टर नाही, हे शंभरदा सांगून झालं. हसायचा आणि पुन्हा दोक्तोरा.

प्रॅक्टिसमध्ये कोण कुठं उभं राहावं, कुणी कुणाला बॉल द्यावा, हे आमच्या कोचपेक्षा झेकालाच जास्त कळायचं. पोरं त्यालाच विचारायची. मी एकदा म्हटलं, तूच कोच हो ना. त्याचा चेहराच पडला. त्यांच्याकडे म्हणे कोचला नावानं हाक मारत नाहीत, 'प्रोफेसर' म्हणतात. आपल्याकडे खोखोच्या मास्तरांना 'सर' म्हणतात तसंच. झेका म्हणाला, "ज्या दिवशी कुणी मला प्रोफेसर म्हणेल, त्या दिवशी मी खेळाडू म्हणून मेलो."

त्याला मरायचं नव्हतं, कारण जूनमध्ये त्याला गावी जायचं होतं. त्याच्या पहिल्या क्लबनं त्याच्यासाठी निरोपाची मॅच ठेवली होती. खेळाडूनं थोडा वेळ खेळायचं, मग जर्सी काढून आपल्या माणसाच्या अंगावर घालायची आणि दोघांनी मैदानाला एक फेरी मारायची. झेकानं आजवर जेवढे क्लब सोडले, ते सगळे सीझनच्या मधेच सोडले. त्याला कुणी कधी निरोपच दिला नव्हता. आणि ती जर्सी त्याला वडिलांच्या अंगावर घालायची होती. वडील रेल्वेत सिग्नलवर होते. गोलच्या मागे पेरूचं झाड, त्याला टेकून उभे राहायचे आणि पोराची प्रत्येक मॅच बघायचे. पोरगा परदेशी गेला त्यानंतर त्यांनी त्याचा खेळ पाहिलाच नाही. हे सांगताना तो त्या पेरूचा वाससुद्धा सांगायचा. मी त्याच्या गुडघ्याला बर्फ बांधत असायचे, आणि मलाही आमच्या घरामागचं पटांगण आठवायचं. माझे बाबा खोखोच्या मॅचला सायकल घेऊन यायचे. आता फोनवर 'जयभीम बेटा' म्हणायचे, आणि लाइनच्या खरखरीत एवढंच विचारायचे, कधी येतेस?

तर त्या गुरुवारी दुपारी मी झेकाला आमच्या क्लिनिकच्या सर्जनकडे नेलं. सर्जननी एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, हाडावर हाड घासतंय, ऑपरेशन अटळ आहे. आधी खेळायचंच असेल तर फार तर एक मॅच, तीही थोडी. त्यानंतर पळण्याचं नाव काढू नको.

एक मॅच. झेकाचा चेहरा उजळला. त्याला एकच हवी होती.

पण मालकालाही एकच हवी होती. सीझनची शेवटची मॅच, आणि पोस्टरवर झेकाचाच फोटो. त्यानं संध्याकाळी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या जगाकडे वारावर मोजून द्यायचा माल म्हणून बघायचा. म्हणाला, शनिवारी खेळलास तर पुढच्या सीझनला तूच कोच, व्हिसाचे पेपर माझा वकील करेल. नाही खेळलास तर कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यात संपतंय, ते संपलं. टीम नाही म्हणजे व्हिसा नाही, हे झेकाला मी सांगायची गरज नव्हती. मग मालक माझ्याकडे वळला. सर्जनना सांगून कॉर्टिझोनचं इंजेक्शन देऊन टाका म्हणाला.

कॉर्टिझोननं सूज आणि दुखणं झाकलं जातं, गुडघा बरा होत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बिनधास्त पळतो आणि उरलंसुरलं मोडून घेतो. मी सांगितलं, इंजेक्शन मिळणार नाही. खेळाडू फिट आहे की नाही त्या कागदावर माझी सही लागते, आणि ती मी अशी करणार नाही. मालक म्हणाला, "मॅम, तुमच्या क्लिनिकला हे काम हवंय ना?"

हवं होतं हो. नवऱ्याच्या कंपनीत रोज कुणा ना कुणाचं टेबल रिकामं होत होतं. पण माझं डोकं सटकलं की मग मी कुणाची नसते. म्हटलं, "काम हवंय. पण हा गुडघा तुमच्या दुकानातला नाही."

बाहेर आल्यावर झेका पार्किंग लॉटच्या कडेला कर्बवर बसला. ह्यूस्टनची ती चिकट हवा, समोर फ्रीवेचा आवाज. म्हणाला, "दोक्तोरा, तू काय केलं असतंस?"

मी खरं ते सांगितलं. मी असते तर गावी गेले असते. पेरूच्या झाडासमोर खेळले असते आणि मग काय व्हायचं ते होऊ दिलं असतं.

त्यानं मान हलवली. "जूनमध्ये सगळे टाळ्या वाजवतील. बाबा जर्सी घालतील. जुलैत विचारतील, बेटा, आता काय करतोस? मला फुटबॉलशिवाय काही येत नाही. तिथं खेळून थकलेले शंभर झेका बसलेत." डोळे पुसले आणि उठला. "शनिवारी खेळतो."

मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. पण गुडघा त्याचा होता. मी तशीच परत मालकाच्या ऑफिसात गेले. म्हटलं, इंजेक्शन नाहीच. सही करते, पण दोन अटी. चारांपैकी फक्त शेवटचा क्वार्टर खेळेल, तोही गुडघ्याला ब्रेस लावून. आणि कोचच्या कॉन्ट्रॅक्टवर तुमची सही आधी. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला आणि म्हणाला, तुम्ही कार्पेट विकायला या. सही मात्र केली.

शनिवारी मी त्याचा गुडघा टेप केला. टेप म्हणजे चिकट पट्टी, गुडघ्याभोवती अशी उलटसुलट ओढायची की तो नको त्या बाजूला वळूच नये. एरवी झेका टेपिंग चालू असताना गाणी म्हणायचा. त्या दिवशी टेपचा एकेक वेढा नुसता बघत होता. शेवटच्या क्वार्टरला आत गेला आणि पळालाच नाही. मधोमध उभा राहिला, हातानं पोरांना इकडंतिकडं हलवत राहिला, आलेला बॉल एका टचमध्ये भिंतीवर मारून बरोबर ज्याच्या त्याच्या पायात देत राहिला. आम्ही दोन गोल केले, दोन्ही त्याच्या पासवर. मग एकदा त्याला राहवलं नाही. समोर जागा दिसली आणि तो वळला. पाऊल कार्पेटमध्ये अडकलं.

स्ट्रेचर नको म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सावकाश, बाहेर आला. स्टँडमध्ये लोक नाचोज खात होते. थोड्या टाळ्या पडल्या. जर्सी त्यानं काढलीच नाही.

ऑपरेशन झालं. जूनची मॅच त्यानं काहीतरी कारण सांगून रद्द करवली. नवा सीझन सुरू झाला, टीममधल्या दोन ब्राझिलियन पोरांनी पहिल्याच दिवशी 'प्रोफेसर' म्हणून हाक मारली, आणि त्यांचं बघून टेक्सासची पोरंही म्हणायला लागली. सुरुवातीला तो प्रत्येक हाकेला दचकायचा. काम मात्र अफलातून करायचा. टीम जिंकायला लागली, मालकानं नवं कार्पेट टाकलं.

त्या हिवाळ्यात वडील आले. मालकानंच तिकीट काढलं, हेही सांगितलं पाहिजे. शिडशिडीत म्हातारे, डोक्यावर हॅट. मॅचच्या आधी माझ्या ट्रेनिंग रूममध्ये आले आणि पिशवीतून झेकाचे पहिल्या क्लबमधले बूट काढून टेबलावर ठेवले. तेल लावून मऊ केलेले, नव्या लेस. झेका त्या बुटांकडे बघत उभा राहिला आणि मला कळलं, यानं घरी काहीच सांगितलेलं नाही. ऑपरेशन नाही, कोच झालो हे नाही, काही नाही. म्हातारा एवढ्या लांबून पोराचा खेळ बघायला आला होता.

तू सांग ना, असं झेका मला डोळ्यांनी विनवत होता. मी म्हटलं, "हे माझं काम नाही. गुडघ्याचं विचारलं तर सांगेन."

वडिलांना बेंचवर माझ्या शेजारी बसवलं. खाली बर्फ असल्यामुळे तिथं कडाक्याची थंडी. म्हातारे कुडकुडत होते आणि मांडीवर बुटांची पिशवी घट्ट धरून होते. पहिला क्वार्टर झाला. त्यांनी मला बोटांनी विचारलं, हा कधी उतरणार? मला त्यांची भाषा येत नव्हती. तेवढ्यात कार्पेटवरून एक पोरगा ओरडला, "प्रोफेसर!" आणि झेका वळला. दुसऱ्या बाजूनं दुसरा ओरडला. पुन्हा झेकाच वळला. म्हाताऱ्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि पायाशी ठेवून दिली. उरलेली मॅच त्यांनी बॉलकडे पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं.

मॅच संपली, लोक पांगले. झेका समोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. वडील उठले, डोक्यावरची हॅट काढली, आणि म्हणाले, "छान झाली मॅच, प्रोफेसर." एवढं मलाही समजलं.

झेका लहान पोरासारखा रडला. मग अंगातलं कोचचं जाकीट काढून त्यानं वडिलांच्या अंगावर घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. आणि ते दोघं हातात हात घालून कार्पेटवरून सावकाश एक फेरी मारून आले. मी टेपचे रोल गोळा करत होते. मला माझे बाबा आठवले, आणि रोल हातातून सुटून बेंचखाली गेले.

पुढे कितीतरी खेळाडू माझ्या टेबलावर आले आणि 'आता संपलं' हे माझ्या तोंडून ऐकून गेले. झेकापासून मी एक सवय लावून घेतली. हे सांगून झालं की त्यांच्यासमोर फोन ठेवते आणि म्हणते, आधी घरी सांगा. बर्फ नंतर लावू.