खंदक आतल्या बाजूला

ओहायोत आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एक किल्ला आहे. त्याला दगड नाही, दरवाजा नाही, बुरूज नाही, आणि खरं सांगायचं तर तो किल्लाही नाही. पण हे शेवटचं वाक्य आमच्या काकांसमोर उच्चारायची दोन वर्षांपूर्वी कोणाची छाती नव्हती.

काका आमच्या मागच्या रस्त्यावर राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, सिव्हिल इंजिनियर. तरुणपणी इथे आले आणि पुलांना जोडणारे मातीचे भराव घालण्यात सगळी नोकरी केली. दर दिवाळीला ते बॅकयार्डात मातीचा किल्ला करतात. इथल्या थंडीत अळीव उगवत नाही, म्हणून गराजमध्ये दिव्याखाली ट्रेमध्ये ते रुजवतात आणि टक्कल पडलेल्या माणसाला केस लावावेत तसे चिमटीचिमटीने किल्ल्यावर बसवतात. इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे किल्लेदार. त्यांना दोन्ही माहीत आहे आणि दुसरं जास्त आवडतं.

काकू गेल्या आणि टेक्सासला प्लेनोत असणाऱ्या मुलाने फोनवर लकडा लावला. बाबा, खालच्या मजल्यावर तुमची बेडरूम रेडी आहे, बर्फ नाही, मंदिर जवळ आहे, तिथे एकटे राहून करताय काय? काकांकडे एकच उत्तर होतं.

"मला किल्ल्यावर काम असतं."

मुलाला वाटलं, बाबा दिवाळीच्या किल्ल्याबद्दल बोलतायत. तो घाबरला आणि त्याने मला फोन केला. मावशी, बाबा बरे आहेत ना? मी त्याला सांगितलं, अरे, खराखुरा किल्ला आहे, दोन हजार वर्षं जुना. तो आणखी घाबरला.

शेवटी दोघांत तह झाला. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या जागेचं उद्घाटन होतं. तोवर काकांनी राहायचं. त्यानंतर तिथल्या लोकांना त्यांची खरंच गरज असली तर पुढेही राहायचं, नसली तर घर विकायला काढायचं आणि प्लेनो. काका "मंजूर" म्हणाले ते अशा आवाजात, की मला उगाच एखादा दरबार डोळ्यांपुढे आला.

आता त्या जागेविषयी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मूळ लोकांनी टोपल्यांनी माती वाहून एक भलंमोठं वर्तुळ उभारलं. बाहेरून मातीचा उंच बांध, त्याला लागून खणलेला चर, मध्ये मोकळं मैदान. कशासाठी, ते नक्की कोणी सांगू शकत नाही. एकत्र जमायला, सण करायला, मेलेल्यांना निरोप द्यायला, असं जाणकार म्हणतात. पुढे त्यांच्या वंशजांना सरकारने पश्चिमेकडे हाकललं. गोऱ्या शेतकऱ्यांना इथे एक गोल टेकाड दिसलं. त्यांनी ते किल्ला असणार असं ठरवलं, नाव दिलं, आणि नाव देऊन झाल्यावर त्यावरून नांगर फिरवला. पिढ्यान्‌पिढ्या मका पिकला. बांध सपाट झाला, चर बुजला. वरून बघितलं तर फक्त एक शेत.

मग ती जमीन एका छोट्या संस्थेने विकत घेतली. यंत्राने जमिनीच्या पोटातलं तपासलं तर ते वर्तुळ खाली जसंच्या तसं, मातीच्या रंगातल्या फरकाइतकं पुसट, पण शाबूत. तिथे खणायला सक्त मनाई. एक फावडंसुद्धा मारायचं नाही. मग परत उभं कसं करायचं? उत्तर इतकं साधं आहे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. गवताने. सगळीकडे रानगवत पेरायचं. जिथे बांध होता तिथे ते माणसाच्या खांद्यापर्यंत वाढू द्यायचं, जिथे चर होता तिथे अगदी बारीक कापायचं. लांबून बघितलं की उंच म्हणजे बांध, खोल म्हणजे चर. हे काकांच्या दिवाळीच्या अळिवाचंच थोरलं भावंड. म्हणूनच त्यांचा जीव जडला.

गवत कापायचं काम त्यांनी मागून घेतलं. मुलाने त्यांना हायवेवर ड्राइव्ह करायला बंदी केली होती, त्यामुळे दर शनिवारी मी त्यांना नेत असे. तिथे पोचलं की ते बसून चालवायच्या मॉवरवर चढत. पाठ ताठ, टोपी तिरकी, एक हात कमरेवर. घोडा असता तर तोही लाजला असता.

त्यांचं आणि तिथल्या प्रमुख बाईंचं एका शब्दावरून सतत वाजत असे. बाई पुरातत्त्वाच्या; उन्हाने भाजलेल्या, शांत, मोठी हॅट घालणाऱ्या. त्या म्हणायच्या, कृपा करून फोर्ट म्हणू नका. काका म्हणायचे, तट आहे, खंदक आहे, मग काय लग्नाचा हॉल म्हणू? गाडीत परतताना ते मला समजवायचे, "अगं, शिकलेली आहे पोर, पण किल्ला बघितलेला नाही ना एकही."

जून महिन्यात बाईंनी कापायच्या पट्ट्या आखून दिल्या. जमिनीत तारेच्या काडीवर खोचायची छोटी निशाणं असतात, त्यांची दोन वर्तुळं. आतलं वर्तुळ केशरी, बाहेरचं निळं. सकाळी सगळ्यांना जमवून त्यांनी सांगितलं की केशरी म्हणजे चर, तेवढं कापा. निळं म्हणजे बांध, त्याला हात लावू नका. त्या हे सांगत होत्या तेव्हा काका मागच्या रांगेत एका निवृत्त पोस्टमनला कडा चढताना घोरपड कशी वापरतात ते समजवत होते.

मी त्या दिवशी शेताच्या पलीकडच्या टोकाला काटेरी झुडपं उपटत होते. दुपारी डबा खायला परत आले तर काका मॉवरवरून उतरून रुमालाने मान पुसत होते, आणि बाई हॅट हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मी त्यांना हॅटशिवाय प्रथमच पाहत होते.

काकांनी निळं वर्तुळ कापलं होतं. सगळं. नीट, कडा साधून, कसबाने. बांध भुईसपाट आणि चर खांद्याएवढा उंच. अख्खी जागा सदरा उलटा घालावा तशी झाली होती.

बाईंनी विचारलं, का? काका त्यांच्याकडे असे बघायला लागले की जणू त्यांनी दोन अधिक दोन किती ते विचारलंय. मग मराठीत माझ्याकडे वळले.

"निळं म्हणजे पाणी. पाणी म्हणजे खंदक. आणि खंदक बाहेर. भगवा तटावर असतो, अगं. खंदकात भगवा कोण लावेल?"

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. मी हातवारे फार केले. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या की इथे चर आतल्या बाजूलाच आहे, म्हणूनच तर हा किल्ला नाही. काकांनी त्या पट्ट्याकडे बघितलं. मग आत बघितलं. आयुष्यभर भराव घातलेला माणूस. भरावाची माती कुठल्या बाजूने काढली ते त्याला नकाशाशिवाय कळतं. आतल्या बाजूने खंदक, म्हणजे आतल्या माणसालाच तो आड येणार. असला किल्ला कोणी बांधत नाही. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी डबा उघडला.

उद्घाटनापर्यंत गवत परत वाढणं शक्य नव्हतं. बाई रागावल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी मॉवरवर तो पोस्टमन होता. काकांना पाण्याच्या बाटल्या वाटायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने वाटल्या. परत येताना गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि प्लेनोला डास असतात का असं विचारलं.

उद्घाटनाला ओक्लाहोमाहून पाहुण्या आल्या. ज्यांच्या पूर्वजांनी हे उभारलं त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या, गुडघे दुखतात म्हणून स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आलेल्या. प्रमुख बाईंनी त्यांना सरळच सांगितलं की यंदा वर्तुळ उलटं आहे. आजींनी विचारलं, कोणी केलं? काका पाण्याच्या बाटल्यांमागे उभे होते. तिथून निघून पुढे आले. मला वाटलं माफी मागतील. ती त्यांनी मागितली, पण आधी कारण सांगितलं: आमच्या मुलखात साडेतीनशे किल्ले, आणि खंदक बाहेर, कारण शत्रू बाहेर.

आजींनी विचारलं, शत्रू कोण? काकांनी बोटांवर मोजत यादी सुरू केली. दुसऱ्या हातावर आले तेव्हा आजींनी त्यांना थांबवलं.

"आणि खंदकाने अडवलं का त्यांना?"

काका खोटं बोलत नाहीत. फुशारकी मारतात, पण खोटं नाही. त्यांनी विचार केला.

"कधीकधी. पण बरेचदा किल्ला पडायचा तो फितुरीने. आतलाच कोणीतरी दार उघडून द्यायचा."

आजी खुर्चीचे दांडे धरून हसायला लागल्या.

"मग तुमच्या लोकांनी खंदक आतच खणायला हवा होता."

काका आधी चकित झाले आणि मग असे हसले की मागे उभा असलेला पोस्टमन दचकला. काकू गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. आजी प्रमुख बाईंना म्हणाल्या, हे यंदा असंच राहू दे. गवत आहे, येईल. आणि येणाऱ्या प्रत्येकाला या माणसाने सांगावं की त्याने काय कापलं आणि का. इतकी वर्षं सगळ्यांनी हेच केलंय, हा पहिला आहे जो कबूल करतोय. मग त्यांनी काकांना विचारलं की बाटल्यांशेजारच्या त्या डब्यात काय आहे. चिवडा होता. त्या दोन मुठी घेऊन गेल्या.

तेव्हापासून काका शनिवारी लोकांना फिरवतात. सुरुवात उलट्या पट्ट्यापासून. शिकागोकडच्या नेपरव्हिलच्या मंडळाची माणसं बस करून आली तेव्हा मी ऐकलं, ते ठणकावून सांगत होते की याला फोर्ट म्हणणाऱ्याने परत बसमध्ये जाऊन बसावं. मी खोकले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

मुलाने विचारलं, बाबा, मग कधी येताय? काका म्हणाले, माझ्या हातून कापलं गेलंय, ते गवत भरून येईपर्यंत मला इथून हलता येणार नाही, ही जबाबदारीची गोष्ट आहे. मुलगा म्हणाला, ओके, फेअर इनफ. एक सीझन.

यंदाच्या उन्हाळ्यात वर्तुळ सुरेख भरलं. बांध वाऱ्यावर डोलतो, चर आतून स्वच्छ कोरल्यासारखा दिसतो. फक्त पूर्वेच्या वाटेशी, बाहेरच्या अंगाला, हातरुमालाएवढा एक तुकडा काही केल्या वाढत नाही. प्रमुख बाई म्हणतात, तिथली माती हलकी असावी. असं म्हणताना त्या आकाशाकडे बघतात.

मागच्या शनिवारी परतताना काका गाडीत बसले. त्यांच्या खिशातून काकूंची भरतकामाची छोटी कात्री डोकावत होती, आणि पँटच्या मुडपीत हिरवं गवत, ताजं. मी गाडी सुरू केली. फोन वाजला, प्लेनोहून. काकांनी स्पीकरवर घेतला.

"नाही रे," ते अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, "अजून नाही आलं."