देवीचा आतून फोटू काढला तवा

आमची देवी लाकडाची हाय. हातभर उंची, अंगावर रंग. दगडाच्या देवावानी तिला आंघोळ न्हाई. ओल्या फडक्यानं पुसायची, आनि वर्सातून एकदा, जत्रंच्या आधी, रंगाचा एक हात द्यायचा. हे काम मी चाळीस वर्सं केलं.

मालक गेले तवा दोन पोरं पदरात व्हती. रांडमुंड बाईनं देवीला शिवू नये, असं भावकी म्हनली. मी म्हनलं, मग तुमच्यातली कोन येतीया सारवायला? गळकं देऊळ, वर वटवाघळं. कोन येईना. मग देवळाची चावी माझ्याकडंच ऱ्हायली. मी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भात लावायची आनि सांजच्याला दिवा. रडायला येळ नव्हता.

आता जमिनी इकल्या, देवळाला फरशी बसली, आनि समद्यांना देवी आठवली. माझा धाकटा दीर कमिटीचा मोठा मानूस. देवीच्या कपाळापासनं हनुवटीपत्तुर भेग गेलेली त्यानं बघितली. बैठक घेतली, म्हनला, "मूर्त खंडित झाली. सोमवारी धरनात सोडायची. संगमरवराची नवी सांगितलीया."

मी उभी राह्यले. "आठ दिस थांबा, भावजी. आतनं मोडलीया का, ते बघू."

"आतनं कसं बघनार, वयनी? फोडून?" पन बाकीच्यांनी आठ दिस दिलं.

माझ्या खोलीत एक पोरगी भाड्यानं ऱ्हाती. दवाखान्यात सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करती. तिच्याच वळखीनं पुन्याची एक बाई आली. जुन्या लाकडी मूर्ती दुरुस्त करायचं तिचं काम. ती म्हनली, मानसाचं डोकं बघत्यात तसंच लाकूड बी बघता येतं, वरखडा बी पडत न्हाई. मोठ्या डाक्टरला इचारून पोरीनं रविवारची दुपार ठरवली, पेशंट नसत्यात तवाची.

दीर देवळाच्या दारात आडवा आला. "देवीला दवाखान्यात नेत्यात व्हय? लोक हसतील."

"तुमच्या गुडघ्याचं तीनदा फोटू काढलं, तवा कोन हसलं? सरका."

गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली आनि रिक्षात बसले. दवाखान्यात पोरगी कागद भरत व्हती. "आज्जी, वय काय लिहू?"

"मी लगीन हून आले तवा बी ती म्हातारीच व्हती. लिव्ह काय बी."

देवीला फळीवर निजवली. मोठ्या गोल कड्यातनं फळी आत गेली, भाईर आली. काचंपल्याड आमी उभ्या. मग टीव्हीवर देवी दिसली, काकडीच्या चकत्या कराव्या तशी, एकेक चकती. लाकडातली वर्सावर्साची गोल वळी दिसत व्हती. डाव्या पायात किड्यानं बारीक वाटा पाडलेल्या, काळ्या. मी पदर गच धरला.

"पाय भरता येतो," ती बाई म्हनली. "आता तोंड बघा. हा पांढराफटक थर म्हणजे जुना शेंदूर. त्यात शिसं असायचं, म्हणून असा उजळतो. त्याच्या वर ही जाड साल आहे ना, ती ऑइल पेंटची."

ऑइल पेंट माझा. दाराच्या चौकटीला लावत्यात तोच. शेंदूर लवकर काळा पडायचा, म्हनून मीच बदलला. चकाकी छान यायची, पुसायला बी सोपा.

तिनं भेगंवर बोट ठेवलं. भेग सालीत सुरू झालेली आनि सालीतच संपलेली. खाली लाकूड अखंड. एकावर एक थर चढून साल वाळली, तडकली. देवीला काय बी झालं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातानं.

पोरगी हळूच म्हनली, "आज्जी, हे बैठकीत नाही सांगितलं तरी चालेल. लाकूड चांगलं आहे, एवढंच सांगा."

तसं सांगितलं असतं तर भेग कशाची, हे त्यांनी इचारलंच असतं. आनि मी खोटं बोलून देवी राखनार न्हाई.

बैठकीत फोटू मांडला. म्हनलं, "लाकूड साबूत हाय. तडकला तो माझा रंग. चूक माझी."

दीर उठला. "ऐकलं का? हिनंच इटाळली! आता तरी चावी दे."

"चावी देत न्हाई. चाळीस वर्सं चुकले, ते हितं उभी राहून बोलले. तुमी चाळीस वर्सात एक डाव तरी फडकं मारलं का? मारलं आसंल त्यानं चावी मागावी."

मग बायकांच्या बाजूनं आवाज आला, "ऱ्हाऊ द्या देवी." दीर म्हनला, ऱ्हाऊ द्या, पन जत्रंला रंग देऊन नीट करा, पाव्हनं येत्यात.

"रंग लागनार न्हाई," मी म्हनलं.

ती पुन्याची बाई आठवड्यातनं दोन डाव येती. कापसाच्या बोळ्यानं नखाएवढी जागा साफ करती, मी बाजूला बसून बघती. जत्रंपत्तुर निम्मंच तोंड झालं. एका गालाला माझा लाल पेंट, दुसऱ्या गालाला जुना शेंदूर, आनि काजळाची बारीक रेघ वढलेला एक डोळा, जो मी कवाच बघितला नव्हता. संगमरवराची आली, ती भाईर मंडपात बसवली.

पाव्हन्यांनी इचारलं, देवीला कोड फुटलं का काय? मी उंबऱ्यातच बसले व्हते. म्हनलं, "न्हाई. रंग माझा व्हता, तो उतरतोय. पाया पडायचं तर पडा, न्हाईतर मंडपात नवी हाय."

पडले. रांग सांजपत्तुर हलत व्हती.